मोजमाप वही

नवीन कोर्टाला लिफ्ट आहे, काचा आहेत.
म्हणून मला चोपड्याला पाठवलं:
जुन्या मुन्सफ कोर्टाचं मोजमाप घेऊन ये,
ठेवायचं की पाडायचं, ते वर ठरेल.
मे महिना. टेपचं पातं बोटाला चटका देत होतं.
दुपारी बाराला या गावात
कावळासुद्धा तारखेला हजर राहत नाही.

लिहिलं:
भिंत काळ्या दगडाची, चुन्यातली, जाडी दोन फूट आठ इंच.
व्हरांड्याला कमानी सात.
सहा गोल, सातवी जराशी दबकी.
गवंड्याचा हात चुकला की पाया खचला,
याला वहीत रकाना नाही.
पायऱ्या पाच, मधोमध झिजलेल्या,
चढून नव्हे,
बसून बसून.

छताला सागाच्या तुळया अकरा.
सातपुड्यातल्या, एकसंध, एकीलाही वाळवी नाही.
नाझर शिरसाळे किल्ल्यांचा जुडगा घेऊन सोबत होते,
निवृत्तीला चार महिने उरलेले.
म्हणाले, या तिसऱ्या तुळईखाली
वेस्ता पावऱ्याला उभा केला होता,
साग तोडला म्हणून. एक. कुऱ्हाडीच्या दांड्याएवढा.
दोन महिने सक्त. रेकॉर्डला आहे.
सगळा वेळ तो वरच बघत राहिला,
साहेबाला वाटलं, देवाला बोलावतोय.

मीही वरच बघत होतो.
लांबी एकवीस फूट. रुंदी बारा इंच.
उंची चौदा.

मग डाव्या भिंतीत, जमिनीपासून साडेनऊ फुटांवर
एक भोक सापडलं.
सुपारी जाईल एवढं, काठ काचेसारखा गुळगुळीत.
नकाशात नाही.
गोळीचं का, मी विचारलं.
शिरसाळे हसले. पंख्याचं, म्हणाले.
वीज यायच्या आधी
आत कापडी पंखा, भिंतीतून दोरी,
आणि दोरीच्या बाहेरच्या टोकाला
सुपडू भोई, पायाच्या अंगठ्याला गाठ मारून.

सव्वीस वर्षं.
वारा आत गेला, आवाज बाहेर आला.
त्याला ना पिंजरा दिसला, ना साहेबाचा चष्मा,
ऐकलं मात्र सगळं, आणि मुळातलं ऐकलं.
जामनाबाई विहिरीच्या वाट्यासाठी उभी राहिली,
पाऊण तास अहिराणीत बोलली:
मोट कोणी धरली, कोणाचा बैल आत पडला,
सासऱ्यानं मरताना कोणत्या हातानं
कोणता बांध दाखवला,
आणि शेवटी दमून,
"माले काय ठाऊक, साहेब, पानी कोनं शे."
कारकुनानं उतरवून घेतलं:
साक्षीदारास हद्दीबाबत माहिती नाही.

भोईवाड्यात रात्री सुपडूच्या ओट्यावर
माणसं जमायची.
कोर्टात नकलेला आठ आणे पडत,
सुपडूकडे चिमूटभर तंबाखू.
तो निकाल सांगत नसे.
फक्त कोण काय बोललं ते,
त्या त्या माणसाच्या आवाजात.

जुन्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे एक शेरा आहे:
कामावर असता झोपला, दंड दोन आणे.
तारीख पाहिली. वेस्ताच्या निकालाचीच.
त्या दुपारी आत पंखा थांबला होता.
झोपला असेल? मी म्हणालो.
शिरसाळ्यांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.
मी जन्मलोही नव्हतो, म्हणाले,
आणि गडूतलं पाणी वरून प्यायले.

बाब एकोणिसावी:
भिंतीतील भोक, नग एक, चुन्याने बुजवणे.
दर लिहिण्याआधी
मी उगीच स्टुलावर चढलो, कान लावला.
दगड आतून गार होता.
पलीकडे, सातव्या कमानीत बहुतेक,
कुणी तरी डबा उघडला. कळण्याची भाकरी तुटल्याचा
आवाज येतो का? मला आला.
मग एक बाई कुणाला तरी विचारत होती,
आपलं नाव पुकारलं का रे,
आणि तो म्हणत होता, नाही अजून,
नाही, बस.

स्टूल हललं. शिरसाळ्यांनी धरलं.
दर लिहायचा राहिला.